घडीच्या पात्याचा सांधा : चांदा प्रदेशातील एका लहान हत्याराचा इतिहास

१. विषयप्रवेश

लोखंडाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी बहुधा दोन टोकांवर खिळलेली असते. एका टोकाला खाण, दुसऱ्या टोकाला धार. धातुक कोठे सापडले, ते कोणी वितळविले, त्यापासून तलवार घडली की नांगराचा फाळ, एवढे सांगून झाले म्हणजे विषय संपला असे मानण्याचा प्रघात आहे. या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी जागा आहे. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती जागा म्हणजे सांधा. ज्या हत्याराला एकापेक्षा अधिक भाग आहेत आणि त्यांतील एक दुसऱ्यावर फिरावयाचा आहे, त्या हत्याराची उपयुक्तता धारेइतकीच सांध्यावर अवलंबून असते. न उघडणारा चाकू कितीही धारदार असला तरी व्यवहारात तो चाकूच नव्हे.

प्रस्तुत लेखात घडीच्या चाकूच्या सांध्याचा विचार चांदा प्रदेशाच्या संदर्भात करावयाचा आहे. चांदा प्रदेश म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजी अमलाखाली आला. चांदा हे नाव जाऊन चंद्रपूर हे नाव १९६४ च्या सुमारास रूढ झाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी पूर्वेकडील अरण्यमय भागाचा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. लोहधातुक, दाट जंगल, भरपूर पाऊस आणि तेलबिया या चारही गोष्टी या प्रदेशात एकत्र आढळतात. घडीचा चाकू सुलभतेने उघडतो की अडतो, हे ठरविण्यात या चारांचाही वाटा आहे. म्हणून हा प्रश्न केवळ कारागिरीचा नसून इतिहासाचाही आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

२. शब्द आणि वस्तू

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत पात्याच्या हत्यारांची नावे पुष्कळ आहेत. सुरी हा शब्द संस्कृत क्षुरिकेशी जोडला जातो, कात्री हा कर्तरीशी. उलट चाकू हा शब्द तुर्की–फारसी वळणाने आलेला आहे आणि वस्तरा हे फारसी उस्तऱ्याचे मराठी रूप आहे. अडकित्ता हा शब्द दक्षिणेकडचा. कानडीत अडके म्हणजे सुपारी. या शब्दांची मांडणी केली असता एक गोष्ट ध्यानात येते. ज्या पात्याला सांधा नाही, त्याचे नाव सुरी हे जुने घरचे नाव आहे. ज्यांना सांधा आहे, त्यांतील बहुतेकांची नावे बाहेरून आलेली आहेत. अर्थात, नाव परके म्हणून वस्तूही परकी असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कात्री हा तर त्या नियमाला सरळ अपवाद आहे. शब्दावरून एवढेच सुचते की सांध्याची हत्यारे विशिष्ट व्यवसायांच्या आणि विशिष्ट रिवाजांच्या बरोबर फिरत आली. न्हाव्याबरोबर वस्तरा, विड्याच्या तबकाबरोबर अडकित्ता, शिंप्याबरोबर कात्री.

यांतील वस्तरा हा आपल्या विषयाचा खरा पूर्वज होय. त्याचे पाते दोन पट्ट्यांच्या मध्ये मिटते आणि एकाच खिळ्यावर फिरते. त्याला कमान नसते. पाते उघडे राहते ते केवळ घर्षणामुळे आणि धरणाऱ्याच्या बोटांमुळे. स्वयंपाकघरातील घडीची विळी हीदेखील याच कुळातली. तिचे पाते खिळ्यावर फिरून पाटावर आडवे निजते. म्हणजे घडीच्या चाकूचे यांत्रिक तत्त्व गावगाड्याला अपरिचित नव्हते. ते न्हाव्याच्या धोकटीत होते, माजघरातही होते. जंगलात जाणाऱ्या माणसाच्या हाती मात्र प्रामुख्याने कुऱ्हाड, विळा, कोयता अशी अखंड पात्याची हत्यारे राहिली. त्याचे कारणही उघड आहे. बांबू तोडणे, फांदी छाटणे, वाट मोकळी करणे ही घावाची कामे आहेत. आणि सांधा घाव सोसत नाही. घडीचा चाकू आला तो दोरी कापणे, बांबूची कामटी तासणे, फळ सोलणे, काटा काढणे अशा लहान कामांसाठी. तो घावाचे नव्हे, दाबाचे हत्यार आहे.

३. सांध्याची रचना

घडीच्या चाकूचे दोन मुख्य प्रकार मानता येतात. पहिला वस्तऱ्यासारखा, केवळ घर्षणावर उभा असलेला. हा फार प्राचीन आहे. ऑस्ट्रियातील हालष्टाट येथील उत्खननात इसवी सनापूर्वी सुमारे सहाव्या शतकातील घडीचा चाकू मिळालेला आहे, आणि रोमन काळातील असे चाकू युरोपातील अनेक संग्रहालयांत आहेत. दुसऱ्या प्रकारात मुठीच्या पाठीशी पोलादाची कमान असते. पात्याच्या बुडख्यावर ही कमान दाबून बसते आणि पाते पूर्ण उघडे किंवा पूर्ण मिटलेले ठेवते. इंग्लंडातील शेफील्ड येथे हा प्रकार सतराव्या शतकापासून वाढीस लागला. जोसेफ रॉजर्ससारख्या तेथील कारखान्यांचे चाकू एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या बाजारातही विकले जात.

पाते फिरविताना हाताला जो विरोध जाणवतो तो तीन ठिकाणी उत्पन्न होतो. पहिले ठिकाण म्हणजे खिळा आणि पात्याचे भोक यांचा स्पर्श. दुसरे, पात्याच्या बुडख्याची दोन्ही अंगे आणि मुठीच्या आतल्या बाजू. तिसरे, कमान असल्यास तिचे टोक आणि बुडख्याची कड. यांपैकी दुसरे ठिकाण सर्वांत महत्त्वाचे असून त्याचीच सर्वांत अधिक उपेक्षा होते. खिळा बारीक असतो. त्याच्यावरील घर्षण आसाच्या अगदी जवळ घडते, म्हणून त्याचा पीळ लहान. बुडख्याची अंगे रुंद असतात. त्यांवरील घर्षण आसापासून दूर घडते, म्हणून तेवढाच दाब असूनही त्याचा पीळ मोठा. चाकू अडतो आहे असे दिसताच लोक खिळ्यावर तेल सोडतात. परंतु अडथळा बहुधा खिळ्याच्या भोवतीच्या रुंद अंगांत असतो.

येथून दोन उपाय निघतात आणि दोन्ही जुने आहेत. एक म्हणजे स्पर्शाचे क्षेत्र आसाच्या जवळ आणणे. पाते आणि मूठ यांच्यामध्ये पितळेची लहान चकती घातली की रुंद अंगे एकमेकांपासून सुटतात आणि घर्षण चकतीपुरते उरते. शिवाय पोलादावर पोलाद घासण्यापेक्षा पोलादावर पितळ घासणे अधिक सौम्य. दोन सारख्या धातूंचे पृष्ठभाग एकमेकांस ओरबाडतात, दोन भिन्न धातूंचे त्या मानाने कमी. दुसरा उपाय म्हणजे स्पर्श करणारी अंगे सपाट आणि गुळगुळीत करणे. अलीकडच्या काही चाकूंत चकतीच्या जागी बारीक गोळ्यांचे बेअरिंग बसवितात. तत्त्व तेच, फक्त घसरण्याच्या जागी लोळणे आले.

४. चांद्याचे लोखंड आणि हुकलेली संधी

या सांध्यासाठी लागणारे लोखंड व पोलाद चांदा प्रदेशाला बाहेरून आणावे लागावे, ही इतिहासातील एक विसंगती होय. कारण लोहधातुकाच्या बाबतीत हा मुलूख श्रीमंत आहे. लोहारा, पिंपळगाव, देऊळगाव, गुंजेवाही या ठिकाणांची नावे एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिक व सरकारी वाङ्मयात वारंवार येतात. लोहारा येथील टेकडी तर जवळजवळ संपूर्णपणे उत्तम प्रतीच्या धातुकाची असल्याचे वर्णन आहे. लोहारा या ग्रामनामातच त्या व्यवसायाची खूण आहे. लहान मातीच्या भट्टीत धातुक व लाकडी कोळसा एकत्र घालून, भात्याने वारा देऊन, लोखंड न वितळविता त्याचा मऊ गोळा तयार करणे आणि तो तापलेला असतानाच घणाने ठोकून त्यातील मळी बाहेर काढणे, ही मध्य हिंदुस्थानातील देशी पद्धती. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द अगारिया’ या ग्रंथात अशा भट्टीवाल्या जमातीचे सविस्तर वर्णन केले आहे.

या पद्धतीला दोन बाजूंनी धक्का बसला. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलात कोळसा पाडण्यावर निर्बंध आले आणि भट्टीचे इंधन महागले. दुसरीकडे रेल्वेने विलायती लोखंड स्वस्त झाले. वर्धा–वरोरा लोहमार्ग दगडी कोळशाच्या वाहतुकीसाठी झाला. परंतु जो मार्ग कोळसा बाहेर नेतो तोच तयार माल आत आणतो.

याच सुमारास चांद्याच्या धातुकाकडे मोठ्या उद्योगाच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाच्या कामाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो नागपूरच्या एम्प्रेस मिलचे संस्थापक जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला, आणि पोलादाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली ती येथे. परंतु वरोऱ्याचा कोळसा तपासणीत भट्टीच्या कामाला अयोग्य ठरला आणि खाणकामाच्या तत्कालीन सरकारी अटीही जाचक होत्या. पुढे अटी सैल झाल्यावर १९०४ च्या सुमारास दोराबजी टाटा, शापुरजी सकलातवाला आणि अमेरिकन तज्ज्ञ सी. एम. वेल्ड यांनी चांद्याच्या जंगलात प्रत्यक्ष शोध घेतला. धातुक उत्तम, पण मोठ्या कारखान्यास पुरेल इतके एके ठिकाणी नाही, असा निर्णय झाला. नागपूरच्या संग्रहालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत अजब बंगल्यात, टांगलेल्या भूवैज्ञानिक नकाशावर दोराबजींना दुर्ग जिल्ह्यातील लोहसाठ्याची खूण दिसली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. अखेरीस प्रमथनाथ बोस यांनी दाखविलेल्या मयूरभंजच्या साठ्याकडे लक्ष वळले आणि कारखाना साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, उभा राहिला. तेथे १९११ मध्ये पहिले लोखंड व १९१२ मध्ये पहिले पोलाद निघाले. वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण तोपर्यंत, १९०६ मध्ये, बंदही झाली होती.

ही हकीकत साधारणपणे उद्योगाच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून सांगितली जाते. चांद्याच्या लोहाराच्या बाजूने तिच्याकडे पाहिले असता तिचा अर्थ निराळा दिसतो. देशी भट्टी विझली आणि नवी भट्टी दुसरीकडे पेटली. मधल्या पोकळीत गावच्या कारागिराच्या हाती राहिले ते दुसऱ्याचे टाकाऊ लोखंड. जुने फाळ, गाडीच्या धावा, पुढे मोटारींच्या कमानपट्ट्या. त्याने घडविलेल्या वस्तूचे गुणदोष पाहताना हे विसरता येत नाही.

५. लोहाराचा हात

टाकाऊ लोखंडातून कामाची वस्तू करणे हे कौशल्यच होय. मोटारीच्या कमानपट्टीचे पोलाद पात्यासाठी वाईट नाही. त्यात सुमारे अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो, त्यामुळे ते पाणी घेते आणि नंतर थोडे तापवून उतरविले तर चिवटही राहते. लोहार व खाती यांच्या कामाची प्रशंसा होते ती याच पाणी देण्याच्या कसबासाठी. पण सांध्यासाठी लागणारे कसब वेगळे आहे. पाणी देणे हे क्षणाचे काम; सांधा बसविणे हे संयमाचे.

सांध्याचा खिळा पात्यापेक्षा मऊ ठेवावयाचा असतो. घासून जावयाचेच झाले तर खिळा जावा, भोक जाऊ नये, हा त्यामागील विचार. खिळा बदलणे सोपे, अंडाकृती झालेले भोक पूर्ववत करणे अवघड. भोक मोठे झाले की पाते डुगडुगते. मग ते बंद करण्यासाठी कोणीतरी खिळ्यावर हातोडी मारतो, दोन्ही बाजू आवळल्या जातात आणि पाते जाम होते. सैल आणि जाम या दोन्ही तक्रारी अशा प्रकारे एकाच दोषातून उद्भवतात, आणि खिळा ठोकणे हा त्यांवरचा उपाय नव्हे.

खिळा चेपताना योग्य अंतर राखण्याची रीत साधी आहे. पाते आणि मूठ यांच्यामध्ये पातळ पत्र्याचा किंवा कागदाचा तुकडा घालावयाचा, खिळ्याचे टोक हलक्या हाताने चहूबाजूंनी थोडे थोडे पसरवावयाचे, आणि मग तो तुकडा ओढून काढावयाचा. त्याच्या जाडीएवढी जागा मोकळी राहते. तीच पात्याची स्वतंत्रता. जोराचा एक घाव येथे उपयोगी नाही. त्याने खिळा मध्ये फुगतो आणि भोकातच अडकतो. अडकित्ता किंवा कात्री बसविणाऱ्या कारागिराला हे कळते. रानात न्यावयाची कुऱ्हाड घडविणाऱ्याला ते कळण्याचे कारण पडत नाही. म्हणून एकाच लोहारसाळेत उत्तम कोयता आणि अडणारा चाकू दोन्ही मिळणे यात नवल नाही. दोष लोखंडाचा नसतो, कारागिराच्या बुद्धीचाही नसतो. हाताला कोणत्या कामाची सवय आहे, एवढाच प्रश्न असतो.

६. लाकूड आणि पावसाळा

मुठीचा विचार आता केला पाहिजे. हा प्रदेश पानझडी अरण्याचा. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४६ अंशांच्या वर जातो, आणि पावसाळ्यात भामरागडसारख्या भागातील गावे नद्यांच्या पुराने अनेकदा तुटून पडतात. एवढ्या मोठ्या फरकात लाकूड स्थिर राहत नाही. ते ओलाव्याने फुगते व उष्णतेने आक्रसते. आणि हे फुगणे धाग्याच्या लांबीत जवळजवळ नसते, रुंदीत असते. लाकडी मुठीत पात्यासाठी कोरलेली खाच नेमकी रुंदीतच आवळली जाते. यामुळे वैशाखात सहज उघडणारा चाकू आषाढात नखाला दाद देत नाही.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. फ्रान्समधील साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी साधा लाकडी मुठीचा घडीचा चाकू तयार केला. तो जगभर गेला. पण ओलाव्याने मूठ फुगून पाते अडणे ही त्याची प्रसिद्ध खोड राहिली. मुठीचे बूड टेबलावर आपटून पाते थोडे बाहेर काढण्याची युक्ती तेथील लोकांनी शोधली. त्याच दशकात जपानात हिगोनोकामी नावाचा चाकू प्रचारात आला. त्याची मूठ दुमडलेल्या पत्र्याची आणि पात्याला अंगठ्याने दाबण्यासाठी लहान शेपूट. पत्रा फुगत नाही, म्हणून ही अडचण तेथे उरली नाही. एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे आहेत. एकाने लाकूड ठेवले व युक्ती शोधली. दुसऱ्याने लाकूडच सोडले.

चांदा प्रदेशाजवळ तिसरे उत्तर होते, आणि ते त्याच्याच जंगलात होते. साग हे ओलाव्याने फार कमी हलणारे लाकूड आहे. आलापल्लीचा साग प्रसिद्ध आहे तो त्याच्या उंचीमुळे आणि घेरामुळे; परंतु चाकूच्या मुठीच्या दृष्टीने त्याचे स्थैर्य अधिक मोलाचे. धावडा व धामण ही लाकडे चिवट, धक्का सोसणारी, म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्यास योग्य. घडीच्या मुठीस चिवटपणा नको, स्थैर्य हवे. दांड्याचे लाकूड आणि मुठीचे लाकूड हा भेद न पाळता जे हाताशी आले ते वापरले की सांध्याची तक्रार पहिल्या पावसातच सुरू होते.

७. तेलाचा इतिहास

आता तेलाकडे येऊ. घर्षण कमी करण्यासाठी तेल घालावे हे सर्वांस ठाऊक आहे. कोणते घालावे याविषयी मात्र विचार होत नाही. नागपूर–चांदा भागात जवसाचे पीक जुने. जवसाचे तेल घरात असते, म्हणून तेच हत्याराला लावले जाते. पण जवसाचे तेल सुकणारे आहे. हवेतील प्राणवायू घेऊन ते काही दिवसांत घट्ट, चिवट पापुद्र्यात रूपांतरित होते. रंगारी त्याचा उपयोग याच गुणासाठी करतात. लाकडी मुठीवर ते उत्तम. ते लाकडाची छिद्रे बुजविते आणि पाणी आत शिरू देत नाही. सांध्यात मात्र ते सरसाचे काम करते.

मोहाच्या बियांचे, म्हणजे टोळीचे, तेल हे आदिवासी घरातील खाण्याचे व दिव्याचे तेल. ते जवसासारखे सुकत नाही, पण थंडीत थिजते. वैशाखातील उकाड्यात पातळ असलेले तेच तेल पौषातील पहाटे लोण्यासारखे घट्ट होते, आणि सांधा जड होतो. करंजाचे तेल थिजत नाही, पण जुने झाले की आंबट होते आणि धातूवर हिरवट–काळपट डाग पाडते. पितळेच्या चकतीला ते विशेष घातक. एरंडेल या सर्वांत उजवे. ते सुकत नाही, थंडीत सहसा थिजत नाही आणि दाबाखाली पृष्ठभागांवरून निसटत नाही. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील रेल्वेत वंगण म्हणून एरंडेलाचा मोठा वापर होता, आणि पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या यंत्रांतही तेच घालीत. ते जाड असल्यामुळे चाकू किंचित जड वाटतो, एवढाच त्याचा दोष.

रेल्वेबरोबर खनिज तेल आले. रॉकेल हे उत्तम क्षालक आहे. जुना चिकटा, सुकलेले तेल, गंजाची भुकटी ते सुटी करते. पण ते उडून जाते आणि मागे टिकाऊ थर ठेवीत नाही. रॉकेल घातल्याबरोबर चाकू हलका झाला म्हणून समाधान मानणारा मनुष्य आठ दिवसांनी पुन्हा तोच चाकू अडलेला पाहतो. त्यानंतर शिवणयंत्रांच्या प्रसाराने पातळ, न सुकणारे खनिज तेल बाजारच्या शिंप्याकडे पोहोचले. घडीच्या चाकूस याहून योग्य तेल साध्या उपयोगासाठी नाही. एका लहानशा सांध्यात अशा प्रकारे शेत, जंगल, रेल्वे आणि शिंप्याचे दुकान यांचा क्रम साठविलेला दिसतो.

८. डिंक, धूळ व त्यांवरील उपाय

जंगलातील चाकूच्या सांध्यात आणखी दोन शत्रू शिरतात. पहिला डिंक. धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून तो काढण्यास कोमट पाणी पुरे. नंतर सांधा पूर्ण वाळविला पाहिजे. सालईचा चीक राळयुक्त असतो. त्याला पाणी लागू पडत नाही, रॉकेल किंवा टर्पेंटाइन लागते. दोहोंतील भेद न ओळखता पाण्याने राळ धुवू गेल्यास राळ तशीच राहते आणि वर गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून सांध्यातील गंज केवळ खरखरीत नसतो, तो पाचरीसारखा पात्याला आवळतो. दुसरा शत्रू धूळ. बांबूच्या सालीत वाळूचाच अंश, सिलिका, असते. ती आणि मातीची धूळ भरपूर घातलेल्या तेलात मिसळली की घासण्याचा लगदा तयार होतो. म्हणून तेल अधिक घालणे हे न घालण्याइतकेच वाईट.

या विवेचनातून सांधा सुलभ करण्याचा योग्य क्रम निष्पन्न होतो. प्रथम डिंक असेल तर त्याच्या जातीप्रमाणे पाणी वा रॉकेल यांनी सांधा धुवावा, आणि पाते अनेकदा उघडून मिटून आतील काळा मळ पुसून घ्यावा. पुसण्याचे फडके स्वच्छ निघेपर्यंत हे करावे. नंतर पाते उजवीडावीकडे हलते का ते पाहावे. ते हलत नसेल आणि तरीही जड जात असेल, तर दोष आवळलेल्या अंगांचा आहे. तेथे खिळ्याची चेपलेली डोकी कानशीने किंचित उतरवावी. पाते हलत असेल तर खिळा झिजला आहे, तो बदलावा. खिळा काढलेला असतानाच बुडख्याची दोन्ही अंगे सपाट काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश कागदावर घासून गुळगुळीत करावी, आणि कमान असल्यास तिच्या टोकावरील ओरखडे काढावे. कमानीचा जोर मात्र कमी करू नये. तो कमी झाला की चाकू खिशात आपोआप उघडतो आणि बोटावर आपोआप मिटतो. शेवटी सांध्यात एकच थेंब तेल, मुठीला जवसाचे, खिळ्याला यंत्राचे किंवा एरंडेल. तेल घालणे ही शेवटची पायरी आहे. आपल्याकडे ती बहुधा पहिली आणि एकमेव असते.

९. उपसंहार

या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. चांदा प्रदेशात घडीचा चाकू अडतो तो येथील लोखंड कमी प्रतीचे म्हणून नव्हे. पात्याचे ज्ञान येथे होते व आहे. सांध्याचेही होते, पण ते न्हावी, शिंपी, अडकित्ता बसविणारा कारागीर अशा मोजक्या हातांत विभागलेले राहिले. ज्या काळात हे ज्ञान एकत्र येऊन नव्या वस्तू घडवू शकले असते, त्या काळात देशी भट्टी विझली, कारखाना दुसऱ्या प्रांतात गेला, आणि घडीचा चाकू तयार वस्तू म्हणून बाजारातून आला. तयार वस्तू दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणत्याच परंपरागत व्यवसायावर पडली नाही. अडलेला चाकू म्हणून टाकला जाऊ लागला.

आज या प्रश्नाला नवे वजन आले आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथील लोहखनिजाचे उत्खनन २०१६ च्या सुमारास सुरू झाले, आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे लोखंडाचा कारखाना उभारण्यात आला आहे. तो डोंगर परिसरातील माडिया गोंडांना ठाकूरदेवाचे स्थान म्हणून पूज्य आहे, आणि अनेक ग्रामसभांनी खाणीस विरोध केलेला आहे. त्या वादाचा निर्णय करणे हे या लेखाचे कार्य नाही. परंतु इतिहासाचा अभ्यासक एक प्रश्न निश्चितपणे विचारू शकतो : या प्रदेशाच्या लोखंडाचा पूर्वीचा अध्याय धातुक येथे आणि कसब अन्यत्र असा संपला, नवा अध्यायही तसाच लिहिला जावयाचा आहे काय?

याचे उत्तर टनांच्या आकड्यांत मिळणार नाही. ते लहान वस्तूंत शोधावे लागेल. आपल्या संग्रहालयांत व जिल्ह्याच्या नोंदींत हत्यारांची लांबी, पात्याचा आकार आणि नक्षी यांची दखल घेतली जाते; सांध्याची क्वचितच. खिळा कोणत्या धातूचा, चकती आहे की नाही, लाकूड कोणते, कोणते तेल लावीत, झीज कोठे झाली आहे, एवढ्या पाच गोष्टी प्रत्येक वस्तूपुढे नोंदविल्या, आणि वस्तरा व अडकित्ता अजून बसवून देणाऱ्या वृद्ध कारागिरांकडून त्यांची रीत लिहून घेतली, तर एका मोठ्या इतिहासाचे साधन हाती येईल. हे काम खर्चाचे नाही. मात्र ते लांबणीवर टाकण्यासारखेही नाही, कारण कारागिराबरोबर त्याच्या हाताची सवयही जाते, आणि ती कोणत्याही खाणीतून पुन्हा काढता येत नाही.